कांदा लाल होईस्तोवर

१९ जून २०२५, गुरुवार

ही वही खरं तर माझी न्हाई. संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या आहाराच्या बाईनं ती ह्यांच्यासाठी दिली. पुढच्या पानांवर तिनं पट्टीनं रकाने आखून दिलेत. तारीख, काय खाल्लं, किती खाल्लं, शेरा. रोज लिहायचं आन् खरं लिहायचं, अशी ताकीद बी दिली. मी विचारलं, मागच्या पानांचं काय करू? ती हसली, म्हणली, मागची तुमची मावशी, काय पाहिजे ते लिहा. मंग गावी धावड्याला घरी आल्याबरोबर वही उलटी केली आन् मागून सुरू झाले. सातवीनंतर पेनाला हात न्हाई. अक्षर कोंबडीच्या पायासारखं पडून राह्यलंय, पण वाचणारं कोणी न्हाई तर लाज कशाची?

ह्यांचं नाव घ्यायचं तर लोकांपुढं उखाणा लागतो. वहीपुढं काय. भागवत. घशाचा कॅन्सर हाये. मशीनचे पस्तीस शेक झाले, सगळा उन्हाळा त्या दवाखान्याच्या वरांड्यात गेला. गाठ बसली म्हणतात. पण शेकानं जिभेची चवच जाळून टाकली. भात दिला, म्हणतात माती. पेढा दिला, माती. तिखट, आंबट, मसाला सगळं बंद, घसा सोलून निघतो. आता दर वीस दिवसांनी सलाईनचा डोस हाये. आज वजन भरलं चव्वेचाळीस किलो. हे एकेकाळी क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचे.

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणले, नऊ जुलैला वजन बेचाळीसच्या खाली आलं तर डोस देता यायचा न्हाई. आन् डोस थांबला तर गाठ थांबणार न्हाई, एवढं ध्यानात ठेवा.

आहाराच्या बाईनं विचारलं, अंडी चालतात का? मटणाचं अळणी? म्हणजे ते बिनतिखटाचं शिजवलेलं, बाळंतिणीला न् आजाऱ्याला देतात ते. हे असे उसळले की खुर्ची मागं सरकली. "बावीस वर्षं झाली गळ्यात तुळशीची माळ घालून. मेलो तरी चालंल, तोंडाला लावणार न्हाई." माळ घातली तव्हा मटण सुटलं, तंबाखू मात्र सुटली न्हाई. तंबाखूबद्दल देव काही बोलला न्हाई म्हणायचे. घ्या आता.

मंग बाई म्हणली, मशरूम खा. हे म्हणले, "कुत्र्याची छत्री? उकिरड्यावर उगवती ती?" आन् तोंड फिरवून बसले. बाई माझ्याकडं पाहून राह्यली. मला बी शिसारीच आल्ती.

२२ जून, रविवार

पुढच्या पानावर आज लिहिलं: कढी दोन घोट, शिरा एक चमचा, दूध नको म्हणले. शेऱ्यात काय लिहू? बाई, नवरा डोळ्यापुढं वाळून राह्यला, असा शेरा चालतो का?

घरच्या काट्यावर त्रेचाळीस भरले. हा आपला कापूस विकायच्या वेळचा काटा हाये, थोडाफार इकडंतिकडं होत असंल. पण दोनदा भरलं तरी त्रेचाळीसच.

हरिओमचा वाळूजहून फोन आल्ता. म्हणला, आई, प्रोटीनची पावडर धाडू का? धाडली व्हती बाबा गेल्या महिन्यात, ती बी मातीच लागली.

२४ जून, मंगळवार

गिरणीवर बेबीनंदा भेटली. भिवाची बायको, बचत गटाची अध्यक्ष. वरल्या आळीत घराच्या मागं तिनं शेड टाकलंय आन् त्यात पिशव्यांत गव्हाचा भुसा भरून मशरूम पिकवती. गावानं आधी हसून घेतलं, आता तिचा माल जालन्याच्या हॉटेलांत जातो. मला पाहून म्हणली, "काकू, काका लई उतरले म्हणं?" कोणी विचारलं की माझा बांध फुटतो. दळण खाली ठेवलं आन् तिथंच रडले.

ती म्हणली, "मशरूम द्या त्यांना. मऊ असतंय, गिळायला सोपं."

मी म्हणलं, "आमच्यात न्हाई चालत गं. कुत्र्याची छत्री म्हणतात."

"कुत्रं माझ्या शेडमदी येऊन दाखवू द्या. चप्पल काढल्याबिगर मी भिवाला बी आत घेत न्हाई."

आन् खरंच घेऊन गेली शेडला. अगं माय! मी दारातच थबकले. पांढऱ्या पिशव्या उलट्या टांगलेल्या आन् त्यांना कानासारखे नुसते झुबके फुटलेले. घाण न्हाई, वास न्हाई. आमच्या देवघरात बी एवढी स्वच्छता न्हाई, हे लिहायला जड जातंय पण खरं हाये.

तिनं पाव किलो डब्यात दिलं आन् कृती सांगितली. तिखट चालत न्हाई ना, मंग चव कांद्यातून काढायची. कांदा उभा बारीक चिरायचा, तूप, मिठाची चिमट, शेगडी एकदम बारीक. पाऊण तास. मी म्हणलं, पाऊण तास? पाऊण तासात माझा सगळा सयपाक होऊन भांडी घासून होतात. ती म्हणली, "म्हणूनच सांगते. घाई केली तर कडू होतो. निवांत केला तर साखर न घालता गोड होतो."

साखर न घालता म्हणे. मी मनात म्हणलं, बाई फेकून राह्यली.

२५ जून, बुधवार

जळाला. चार कांदे जळाले, वरून तुपाचा थेंब उडून अंगठ्याला टपोरा फोड आला. सवयच न्हाई ना. आपल्याकडं कांदा म्हणजे मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायचा आन् वर काळा मसाला. मी शेगडी बारीक ठेवली, पाच मिनिटं उभी राह्यले, मंग हात शिवशिवला आन् केली मोठी. खालून काळा, वरून कच्चा. म्हशीपुढं टाकला तर तिनं बी तोंड फिरवलं.

हे आतून विचारून राह्यले, काय जळालं? म्हणलं, माझं नशीब.

२६ जून, गुरुवार

काय लिहू आन् काय नको.

आज जिद्दीला पेटून स्टूल ओढून शेगडीपुढं बसले. कांद्याला आधी पाणी सुटलं, मंग तो गळून पडला, मंग पिवळा. वीस मिनिटं झाली तरी पिवळाच. तळाला धरायला लागला की पाण्याचा शिपका मारायचा आन् उलथन्यानं खरवडायचं, असं बेबीनंदानं सांगितल्तं. अर्ध्या तासानं रंग फिरला. गुळासारखा लाल झाला, टोपलंभर कांद्याचा मूठभर गोळा. बोटावर घेऊन चाटला आन् थक्क झाले. गोड! साखरेचा दाणा न्हाई घातला! सत्तावन्न वर्षं मी कांदा खाऊन राह्यले आन् मला हे माहीतच न्हाई?

मशरूम दुसऱ्या कढईत, थोडं थोडं. त्याला बी पाणी सुटतं, ते आटू द्यायचं, आन् कडा तांबूस झाल्यावर मीठ. मंग दोन्ही एकत्र करून वाटीभर गरम पाणी. चाखलं. का कोण जाणे, घनसावंगीचं माझं माहेर आठवलं. रविवारची दुपार, माय चुलीपुढं बसलेली, आम्ही सगळे ताटल्या घेऊन. डोळे भरून आले.

ह्यांच्यापुढं वाटी ठेवली. "हे काय?"

"कांदा."

"नुसता कांदा?"

"नुसता कांदा. खा गुमान."

हे वाटीकडं पाहत राह्यले. हुंगलं. मंग माझ्याकडं पाहिलं, माझ्या अंगठ्याकडं पाहिलं, परत वाटीकडं. वळखली वाटतं छत्री.

"तू केलंस? माझ्यासाठी?"

"न्हाई, म्हशीसाठी."

हसले न्हाईत. गळ्यातली माळ मुठीत धरली, डोळे मिटले, किती तरी वेळ. मंग एक घास घेतला. चावला. डोळ्यातून पाणी आलं. मी म्हणलं, घसा दुखतो का? मान हलवली, न्हाई. दुसरा घास. तिसरा. अर्धी वाटी खाल्ली! सव्वा महिन्यात ह्या माणसानं अर्धी वाटी काही खाल्लं न्हाई.

"चव लागली का?" मी विचारलं.

"लागली," म्हणले. आन् भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. पुढच्या पानावर लिहिलं: मशरूम-कांदा, अर्धी वाटी. शेरा: ह्यांना माहीत न्हाई. वही तांदळाच्या डब्याखाली ठेवली. ह्यांना चष्म्याबिगर दिसत न्हाई, तरी बी.

२८ जून, शनिवार

आज पाऊण वाटी. वर म्हणतात, "तू खाल्लं का ह्यातलं?"

"चाखलं जरासं."

"तू नको खाऊ. माझ्यापुरतंच करत जा. तू बिलकुल हात लावायचा न्हाई."

आजाऱ्याला कसा हावरेपणा येतो पाहा! मला हसूच आलं. खा बाबा, तूच खा. बायकोला घास न देता खाणारा नवरा अडोतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला, आन् त्याचाच मला आनंद.

पण आंघोळीनंतर पाहते तर गळा मोकळा. माळ देवघराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली. मी हबकले. "अवो, माळ?"

"खाज सुटती. शेकानं कातडी भाजली हाये ना."

खरं हाये, मान काळी पडलीये. पण शेक चालू व्हते तव्हा डॉक्टरनं सांगून बी काढली न्हाई, कापडात गुंडाळून घातली व्हती. आता कुठं खाज?

१ जुलै, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं न्हाई. रोज सकाळी बेबीनंदाकडं जाते, डबा पदराखाली घेऊन येते, कांदे चिरते, बसते. आता मला त्या पाऊण तासाची चटक लागलीये. पहिल्यांदाच आयुष्यात सयपाकघरात निवांत बसून राह्यले. ह्यांचं खाणं वाटीभर झालंय.

पण घरात काही तरी बिघडून राह्यलंय. आज हे म्हणले, "दिवा तू लावत जा सांजच्याला." ह्या माणसानं ताप असताना बी दिव्याला दुसऱ्याचा हात लावू दिला न्हाई. वर खाट देवघराच्या खोलीतून काढून ओसरीत टाकायला लावली. हवा लागती म्हणे. आन् मी वाटी घेऊन आले की म्हणतात, "दार लोटून घे."

मी बेबीनंदाला सांगितलं. ती म्हणली, वजन वाढून राह्यलं ना काकू, मंग दिव्याचं काय घेऊन बसता. तिला काय सांगू. माझी आजी म्हणायची, माणूस जायला निघाला की आधी नेम सोडतो. आज दिवसभर तेच डोक्यात फिरून राह्यलंय.

४ जुलै, शुक्रवार

आज कांदेनवमी. आमच्या घरात एकादशीपासून कांदा-लसूण बंद, पार कार्तिकापर्यंत. म्हणून आज कांद्याचं सगळं करून घ्यायचं. भजी, थालीपीठ, झुणका. सगळी गल्ली तळणाच्या वासानं भरलीये. माझं मात्र काळीज कुरतडून राह्यलं. कांदा बंद झाला तर हे खाणार काय? नुसतं मशरूम करून पाहिलं काल, पाणचट, घशाखाली उतरेना त्यांच्या.

शेवटी धीर करून म्हणलं, "परवापासून कांदा बंद. मंग कसं करायचं?"

मला वाटलं म्हणतील, देव पाहून घेईल. हे शांतपणे म्हणले, "बंद कशाला? चालू ठेव."

"चातुर्मासात?"

"आता मला कसला चातुर्मास," म्हणले.

हातातलं थालीपीठ तव्यावर तसंच राह्यलं आन् करपलं. आता मला कसला चातुर्मास! हे शब्द माणूस कधी बोलतो?

५ जुलै, शनिवार

आज तर कळसच झाला.

ह्यांचे भजनातले दोस्त रामकिसनभाऊ आल्ते, उद्याच्या एकादशीच्या भजनाचं सांगायला. तेव्हाच माझी कढई शेगडीवर. आत पाऊल टाकलं न् टाकलं, नाक वर. "वहिनी, वास कशाचा?"

"कांद्याचा."

"असा कांदा म्या न्हाई पाहिला." आन् ह्यांच्याकडं वळून, आवाज बारीक करून, पण मला ऐकू जाईल इतकाच बारीक, "भागवता, सगळं गाव पाहून राह्यलंय, वहिनी रोज वरल्या आळीतून डबा झाकून आणतेत."

माझे कान तापले. कुत्र्याची छत्री हाये म्हणून हे खाटेवर ऐकत असताना सांगू? मी कढईकडं वळले.

तर हेच खाटेवर उठून बसले. "मीच सांगितलं तिला. माझा हुकूम हाये. तिला एक शब्द बोलायचा न्हाई." मंग म्हणले, "तो कोनाड्यातला टाळ घेऊन जा. उद्या दुसऱ्या कोणाला दे. मी आता यायचा न्हाई."

रामकिसनभाऊंचं तोंड उतरलं. ह्यांनी तो टाळ मला बी कधी पुसू दिला न्हाई. भाऊ टाळ उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले.

माळ गेली, दिवा गेला, आता टाळ. निघायची तयारीच करून राह्यले. मी एकीकडं वाटी भरून जीव धरून ठेवते आन् दुसरीकडून हे एकेक गाठ सोडून राह्यले. हरिओमला फोन लावला, म्हणलं, बाप हातचा चालला रे. तो म्हणला, अगं वजन तर वाढलं म्हणतीस! व्हय, वाढलंय. तेच तर समजंना.

६ जुलै, रविवार

एकादशी. मी वरीचा भात आन् दाण्याची आमटी पातळ करून नेली. हे म्हणले, "हे नको. कालचंच कर."

"आज? अवो आज एकादशी हाये!"

"माहीत हाये."

मी कांदा चिरला. लग्नाला अडोतीस वर्षं झाली, एकादशीला ह्या घरात कांदा चिरला गेला न्हाई. डोळ्याला पाणी कांद्याचं का माझं, ते कळंना. गल्लीत वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली, धुरानं ठसका लागला. हे सव्वा वाटी जेवले आन् आभाळाकडं पाहून राह्यले. मी विचारलं, "काय झालंय तुम्हाला? मला सांगा तरी."

"काही न्हाई. तू चांगली हायेस," म्हणले.

अडोतीस वर्षांत मला चांगली म्हणले न्हाईत. लई घाबरले मी.

९ जुलै, बुधवार

आज जे झालं ते बराबर लिहून ठेवते, उद्या मलाच खोटं वाटायला नको.

हरिओम गाडी घेऊन आल्ता. दवाखान्यात हे काट्यावर चढले. मी डोळे मिटून घेतले. सिस्टर म्हणली, साडेपंचेचाळीस. मी परत विचारलं. साडेपंचेचाळीस! डॉक्टर म्हणले, डोस बिनधास्त चालू.

मंग आहाराच्या बाईकडं. ती खूश, खुर्ची ओढून ह्यांच्या जवळ बसली. "काका, कमाल केली! काय खाल्लं सांगा."

हे उभे राह्यले. टोपी काढून हातात घेतली, मास्तरापुढं उभं राहतात तसे. म्हणले, "लिहून घ्या बाई. मटण खाल्लं मी. तुम्ही सांगितलं व्हतं ते, अळणी. बारा-तेरा दिवस, रोज, एकादशीला बी. पण हिचा काही दोष न्हाई. मीच करायला लावलं. पाप लिहायचं तर माझ्या नावावर लिहा."

मटण? मी हरिओमकडं पाहिलं, तो माझ्याकडं पाहून राह्यला.

बाईच्या हातात माझी वही. तिनं पान उलटलं, बोट फिरवलं. "काका, पण इथं तर मशरूम-कांदा लिहिलंय. सव्वीस तारखेला मशरूम-कांदा, अर्धी वाटी. शेरा, ह्यांना माहीत नाही. सत्तावीसला मशरूम-कांदा. शेरा, ह्यांना माहीत नाही. रोज तेच आहे."

हे हळूच खाली बसले. "काय?"

"मशरूम, काका. मटण नाही."

"कुत्र्याची छत्री?" हे माझ्याकडं वळले. मी मान हलवली.

बाहेर वरांड्यात आल्यावर मात्र माझी तार सटकली. लोक पाहत व्हते, पाहू द्या. म्हणलं, "मी मटण घातलं तुम्हाला? मी? तुमच्या माळेपायी मी बावीस वर्षं मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. माहेरी रविवारी माझ्या भावजया जेवायच्या आन् मी मागच्या दारी पिठलं खात बसायचे. आन् तुम्हाला वाटलं मी तुमचा नेम चोरून बाटवीन?"

"मंग काय वाटावं मला? कांदा म्हणलीस. कांदा असा लागतो का? डबा रोज वरल्या आळीतून, मटण खाणाऱ्यांच्या घरून येतो, ते रामकिसन यायच्या आधीच माझ्या कानावर आल्तं."

"मंग फेकून का न्हाई दिलं? मेलो तरी चालंल म्हणणारे तुम्ही!"

हे बाकड्यावर बसले. बोलताना त्यांना अजून त्रास होतो, थांबत थांबत बोलले. "फेकणारच व्हतो पहिल्या दिवशी. वाटी उचलली बी. मंग तुझा अंगठा पाहिला, फोड आलेला. म्हणलं, हिला काय हौस हाये? माझ्यापायी हिनं एवढं पाप डोक्यावर घेतलं. आता मी खाल्लं न्हाई तर हिला पाप बी लागंल आन् नवरा बी जाईल. म्हणलं, पाप केलंच हाये तर वाया नको जायला. आन् एकटीला नको. खायचं पाप तरी माझ्या एकट्याचं राहावं, म्हणून तुला म्हणलं, तू खाऊ नको."

मी त्याला हावरेपणा समजले व्हते. हसले व्हते मी त्याला.

"आन् माळ?" मी विचारलं.

"गळ्यात तुळस आन् तोंडात ते? तेवढी तरी लाज ठेवावी का न्हाई माणसानं?"

म्हणजे मरायची तयारी न्हाई. टाळ, दिवा, खाट, सगळं त्याचंच. मी बाकड्यावर त्यांच्याजवळ बसले आन् मोठ्यानं रडले. हरिओम चहा आणतो म्हणून निघून गेला, शहाणं पोरगं.

१० जुलै, गुरुवार

सकाळी मी खिळ्यावरची माळ काढली, पाण्यानं धुतली, ह्यांच्यापुढं धरली. म्हणलं, घाला. तुम्ही काही खाल्लं न्हाई, माळ बाटली न्हाई.

हे म्हणले, "राहू दे. जिभेनं न्हाई खाल्लं, पण मनानं तर मटणच खाल्लं. आन् खोटं का बोलू, दुसऱ्या दिवशी वाटीची वाट पाहत व्हतो मी." मंग म्हणले, "डोस संपू दे. मंग माळ घातली त्या महाराजांपुढं जाऊन सगळं सांगतो. त्यांनी घाल म्हणलं तर घालतो." मला वाईट वाटलं, पण आता ह्या माणसाला मी काय नेम शिकवणार? माळ परत खिळ्याला लावली.

मशरूम आणायला गेले आन् बेबीनंदाला सगळं सांगितलं. वाटलं, पोट धरून हसंल. ती हसली न्हाई. पिशवीला पाणी मारत म्हणली, "म्हणजे माझ्या घरून काही झाकून आलं की ते मटणच?" मी खाली पाहिलं. ती म्हणली, "काकू, आम्ही काय खातो, हे तुमच्या आळीला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं." डबा मी पदराखाली आणत व्हते. ती कव्हा झाका म्हणली न्हाई.

घरी येऊन ह्यांना तसंच्या तसं सांगितलं. मंग म्हणले, "तिला म्हणावं, उद्यापासून तूच आणून दे. पुढच्या दारानं. आन् चहा घेऊन जा म्हणावं, आत बसून." मी म्हणलं, रामकिसनभाऊ? म्हणले, "त्याला बी बोलव. टाळ घेऊन ये म्हणावं, आन् वाटीभर कुत्र्याची छत्री खाऊन जा म्हणावं." पहिल्यांदा हसले, खोकला येईस्तोवर.

कांदा चिरायला मन धजेना. चातुर्मास हाये, विचारलं, कांदा घालू का? म्हणले, औषधाला पाप न्हाई, घाल, बारीक आचेवर. आन् स्टूल ओढून स्वतः शेगडीपुढं बसले, उलथनं हातात घेऊन. पाच मिनिटांत विचारतात, झाला का? म्हणलं, बसा गुमान, पाऊण तास लागतो.

आता वही सुलटी करून पुढचं पान भरते. तारीख दहा जुलै. मशरूम-कांदा. दीड वाटी. शेरा: ह्यांना माहीत हाये.